कॅथेटर ॲब्लेशन आणि हृदयाचे पंपिंग

ठोक्यांचा ताल बिघडवणारी हृदयातली जागा, जांघेतल्या शिरेतून नेलेल्या बारीक नळीने जाळून, गोठवून किंवा अलीकडे विद्युतस्पंदांनी निकामी करण्याचा उपचार. ठाण्या-वाशीत घरोघरी त्यालाही सरसकट 'ॲन्जिओ' म्हणतात. पण ॲन्जिओप्लास्टीत तुंबलेली धमनी उघडतात, इथे तसे काही नसते.

नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला : 'आधीच पंपिंग कमी, त्यात जाळलं तर आणखी उतरणार नाही का?' शंका रास्त आहे, पण बहुधा उलटे घडते. ॲट्रिअल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) वेडावाकडा थरथरून ताल बिघडतो त्या आजारात, काही मिलिमीटरचे व्रण डाव्या अलिंदात, फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती देतात. रक्त शरीरभर ढकलणारा खालचा कप्पा, डावा निलय, त्यापासून दूर राहतो. महिनोन्‌महिने मिनिटाला १२०-१३० वेडेवाकडे ठोके पडले की तोच निलय थकून फुगतो. थकव्याचे कारण ठोकेच असतील, तर ताल सुधारल्यावर तो काही महिन्यांत सावरतो. झटक्याने मेलेला स्नायू मात्र पुन्हा जिवंत होत नाही.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅमेरा-एमआरआय' चाचणीत, अशक्तपणाचे दुसरे कारण न सापडलेल्या हृदयांचा ईएफ (निलयातले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडते तो आकडा, म्हणजेच 'पंपिंग') ६ महिन्यांत ॲब्लेशननंतर सरासरी १८ अंकांनी वाढला, गोळ्यांनी नुसती गती आवरलेल्यांत ४.४ अंकांनी. २०१८ च्या 'कॅसल-एएफ'मध्ये (३६३ रुग्ण, ईएफ ३५ टक्के किंवा कमी) मृत्यू किंवा हृदय निकामी होण्यापायी भरती यांचे एकत्रित प्रमाण ॲब्लेशन गटात २८.५ टक्के, औषध गटात ४४.६ टक्के होते.

फाइलमधले दोन टूडी एको शेजारी ठेवून आनंद किंवा चिंता करण्यात घाई नको. ताल अनियमित असताना प्रत्येक ठोक्याला ईएफ वेगळा येतो, म्हणून अनेक ठोक्यांची सरासरी घ्यावी लागते. ठाणे स्थानकाचा पूल मध्ये न थांबता चढता येतो का, हेही विचारावे.

झळ बसते ती अलिंदाला. व्रणाची जागा आकुंचन पावत नाही, आणि सुरुवातीचे काही आठवडे अलिंद मंदावलेले असते, त्यात रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून ताल सरळ दिसला तरी रक्त पातळ करणारी गोळी निदान दोन महिने चालू ठेवतात. फार व्रण दिलेले अलिंद क्वचित ताठरते, आणि मग पंपिंग चांगले असूनही दम लागतो.

एव्ही नोडचे ॲब्लेशन हे वेगळे प्रकरण. त्यात अलिंद-निलयातला दुवाच तोडतात, पेसमेकर कायमचा लागतो, आणि उजव्या निलयातून सतत पेसिंग झाल्यास काहींचा ईएफ उतरतो.