सीज आणि रेडी ऑर नॉट: फरक गोळी झाडण्याआधीचा

इंदूरला सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग या भागांतली आपली मुलं रात्रीची जेवणं आटोपली की हेडसेट लावून ऑनलाइन गेम खेळायला बसतात. ग्रुपमध्ये कोणी नवीन आला की त्याचा प्रश्न ठरलेला: "रेनबो सिक्स सीज आहे ना माझ्याकडे, मग रेडी ऑर नॉट कशाला? दोन्हींत पोलिसच तर आहेत."

प्रश्न रास्त आहे. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवा: काळी हेल्मेटं, ढाली, पाच जणांची तुकडी, कुठेतरी अडकलेले ओलीस, स्फोटकं लावून उडवलेलं दार. शिवाय १ डिसेंबर २०१५ला सीज आला, तेव्हा त्यातल्या २० ऑपरेटरांपैकी (म्हणजे खेळायला मिळणाऱ्या पात्रांपैकी) ४ जण अमेरिकेच्या एफबीआय स्वॉटचे, म्हणजे धोकादायक मोहिमांसाठीच्या खास सशस्त्र पथकाचे होते, आणि रेडी ऑर नॉटमध्येही आपण स्वॉटवालेच असतो. गोंधळ होणारच.

मुळात ही दोन वेगळी घराणी आहेत. सीजच्या घराण्यातला पहिला गेम रेनबो सिक्स, १९९८चा. त्यात दहशतवादविरोधी आंतरराष्ट्रीय पथक होतं आणि आधी नकाशावर बेत आखायचा, मग आत शिरायचं. दुसरं घराणं पोलीस क्वेस्टचं, १९८७ पासूनचं. तो गेम बनवणारे जिम वॉल्स स्वतः कॅलिफोर्नियाच्या हायवे पोलिसांत काम केलेले. १९९३च्या भागात लॉस एंजेलिसचे माजी पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स आले, १९९५ला त्यातूनच 'स्वॉट' हा गेम निघाला, आणि २००५चा स्वॉट ४ तर आजही लोक काढून खेळतात. रेडी ऑर नॉटची कंपनी वेगळी असली तरी वळण याच घराण्याचं. डिसेंबर २०२१ला तो अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा असतानाच विक्रीला आला आणि डिसेंबर २०२३ला पूर्ण झाला.

फरक खरा कळतो तो दारापाशी. रेडी ऑर नॉटमध्ये बंद दार दिसलं की आमच्याकडे कोणी थेट हात घालत नाही. "भिया, थांब, आधी मिरर लाव." दाराखालच्या फटीतून छोटा कॅमेरा सरकवायचा. "उजव्या कोपऱ्यात एक जण आहे. हात दिसत नाहीत." हात दिसत नाहीत म्हणजे बंदूक असेलही, नसेलही, तो घरमालक घाबरून बसलेलाही असू शकतो. मग दार जेमतेम किलकिलं करून सापळ्याची तार बांधली आहे का ते बघायचं, असली तर कापायची. मागचं दार दुसऱ्या कोणी उघडू नये म्हणून त्याला पाचर ठोकायची. दोघं डावीकडे, दोघं उजवीकडे, आत फ्लॅशबँग (डोळे दिपवणारा, कान बधिर करणारा गोळा), आणि शिरताशिरता ओरडायचं. ओरडण्यासाठी वेगळं बटण आहे, आणि माझ्या मते अख्ख्या गेममधलं सर्वांत महत्त्वाचं बटण तेच. समोरच्याने हात वर केले तर बेड्या घालायच्या, शस्त्र ताब्यात घ्यायचं, वायरलेसवर कळवायचं. शरण येत असलेल्यावर गोळी चालवली तर गुण कापले जातात. सर्वांत वरची एस श्रेणी हवी असेल तर संशयितांना जिवंत धरावं लागतं. एकट्याने खेळायच्या कमांडर मोडमध्ये पुढची पायरी आहे: तुमच्या पथकातल्यांवर घडलेल्याचा ताण साचतो, उपचारांना पाठवावं लागतं, आणि दुर्लक्ष केलं तर माणूस नोकरी सोडून जातो. असा हिशेब ठेवणारे गेम फार थोडे आहेत आणि मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

सीजमध्ये दारामागे कॉम्प्युटर नसतो, तुमच्यासारखेच पाच खेळाडू असतात. ते शरण येणार नाहीत, आणि ओरडायचं बटणही नाही. पाच विरुद्ध पाच, एकदा मेलात की त्या राउंडपुरते बाहेर. कबड्डी खेळलेल्याला हे पटकन समजतं: कधी चढाई, कधी पकड, आणि गडी कमी झाला की बाकीच्यांवर भार. सुरुवातीचे ४५ सेकंद चढाईवाले ड्रोन फिरवून बघतात, बचाववाले भिंतींना पोलादी पत्रे ठोकतात. न ठोकलेल्या बऱ्याच भिंती गोळीनेही फुटतात, त्यामुळे दार हा आत शिरायच्या अनेक वाटांपैकी एकच. इथे डावपेच म्हणजे माहिती. कोण कुठे आहे हे ज्याला आधी कळलं, तो जिंकला. मेलेला खेळाडूसुद्धा कॅमेरे बघून साथीदारांना सांगत राहतो. ओलीस इथेही असतो, आणि तो तुमच्या हातून मेला तर राउंड गेला. पण त्यापलीकडे गोळी का झाडली हे कोणी विचारत नाही.

म्हणून 'रिअॅलिस्टिक' हे दोघांच्या जाहिरातीत वाचलं तरी एकाच मापाने मोजू नका. सीजमध्ये भिंतीपलीकडच्या माणसाचे हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र आहे आणि मॅगझिनमध्ये किती गोळ्या उरल्या ते पडद्यावर दिसतं. रेडी ऑर नॉटमध्ये तो आकडा नाही; मॅगझिन काढून वजनाचा अंदाज घ्यावा लागतो, आणि नेमक्या त्या क्षणी तुमची बंदूक निकामी असते. पथकाने एकमेकांवर विसंबणं मात्र दोन्हींत तितकंच खरं आहे. चौघं चार दिशांना धावले तर दोन्ही गेम हरवतात.

एका गेमच्या सवयी दुसऱ्यात नडतात. सीजचा मुरलेला खेळाडू रेडी ऑर नॉटमध्ये हललेल्या प्रत्येक सावलीवर गोळी झाडतो आणि शेवटी नागरिक मारल्याचा शेरा घेऊन बसतो. उलट रेडी ऑर नॉटचा सावध माणूस सीजमध्ये दारापाशी विचार करत उभा राहतो आणि भिंतीतून आलेल्या गोळीने जातो.

रात्री मित्र जमत नसतील तर रेडी ऑर नॉट घ्या. लाल आणि निळ्या जोडीतले चार साथीदार कॉम्प्युटर चालवतो, हुकूम तुम्ही द्यायचे. विकत मात्र घ्यावा लागतो. सीज जून २०२५ पासून बऱ्याच अंशी फुकट आहे, रँक्डसाठी, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांसाठी, पैसे पडतात. तेव्हा आधी तो खेळून बघायला हरकत नाही. घरात लहान भावंडं मागे बसून बघत असतील तर एवढं लक्षात ठेवा: दोन्ही गेम मोठ्यांसाठी आहेत, पण रेडी ऑर नॉटमध्ये शाळेतला गोळीबार आणि मुलांचं शोषण अशा विषयांवरच्या मोहिमा आहेत, आणि त्या मोठ्यांनाही जड जातात.