80 फेम्टोसेकंदांचा वाद

निकेल ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनांचा ऊर्जापट्टा (त्यांना मुभा असलेल्या ऊर्जांची श्रेणी) अर्धवट भरलेला, म्हणजे ते धातूसारखे वाहक असायला हवे. प्रत्यक्षात ते विद्युतरोधक. 1937 मध्ये ही विसंगती मांडली गेली आणि इलेक्ट्रॉनांचे परस्पर अपकर्षण मोजल्याशिवाय गत्यंतर नाही, हे कळले. ‘मॉट इन्सुलेटर’, म्हणजे अपकर्षणामुळे रोधक झालेला पदार्थ, ही संज्ञा यातूनच पुढे आली. गंमत म्हणजे 1985 नंतरच्या काटेकोर वर्गवारीत निकेल ऑक्साइड सहसा या वर्गात धरत नाहीत.

संज्ञेचा खरा गुंता व्हॅनेडियम डायऑक्साइडचा. ते सुमारे 68 अंश सेल्सिअसला विद्युतरोधकाचे धातू होते, हे 1959 पासून माहीत आहे. पण त्याच वेळी स्फटिकाची रचनाही बदलते: थंड अवस्थेत जोड्या करून बसलेले व्हॅनेडियमचे अणू सुटे होतात. मग रोधकपणा जोड्यांमुळे की अपकर्षणामुळे? सत्तरच्या दशकात क्रोमियम मिसळलेल्या नमुन्यांत अणूंच्या निम्म्याच साखळ्या जोड्या करताना दिसल्या, तरी पदार्थ रोधकच राहिला. अपकर्षणवाद्यांचे पारडे जड झाले, पण निकाल लागला नाही.

तो घड्याळाने लावायचे ठरले. इलेक्ट्रॉन हलके, अणू जड. लेसरच्या झटक्यानंतर आधी कोण हलते ते पाहायचे. 2004 च्या प्रयोगात लेसरचा स्पंद कितीही आखूड केला तरी धातूपणा सुमारे 80 फेम्टोसेकंदांच्या (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) आत येईना. अणूंच्या जाळीच्या 6 टेराहर्ट्‌झच्या (सेकंदाला सहा लाख कोटी वेळा होणाऱ्या) कंपनाचा अर्धा फेरा जवळपास तेवढाच. म्हणजे अणू हलल्याशिवाय काही होत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तो बरीच वर्षे जवळजवळ अंतिम मानला गेला.

माझ्या मते इथेच घाई झाली. त्या प्रयोगाने पाहिले ते प्रकाशाचे परावर्तन आणि पारगमन. ऊर्जेची फट, म्हणजे पदार्थाला रोधक ठेवणारे ऊर्जेतले अंतर, थेट मोजली नव्हती. 2014 मध्ये प्रकाशइलेक्ट्रॉनांच्या (प्रकाशाने बाहेर फेकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या) मापनात ती फट लेसर पडताक्षणीच, जाळी जुन्याच रचनेत असताना, मिटलेली दिसली. 2017 च्या टोकाच्या अतिनील किरणांच्या प्रयोगात इलेक्ट्रॉनांचा प्रतिसाद सुमारे 26 फेम्टोसेकंदांत पुरा झाला. 80 हा आकडा खोटा ठरला नाही, पण तो कशाचा आकडा आहे, हा प्रश्न उभा राहिला.

2018 मध्ये त्यातला ‘फेरा’च डळमळला. विखुरलेल्या क्ष-किरणांत अणू एका तालात सरकत नव्हते. जोड्या आपापल्या दिशेने विस्कटत होत्या.

2014 मध्येच इलेक्ट्रॉन विवर्तनातून (इलेक्ट्रॉनांचा झोत स्फटिकावर सोडून रचना टिपण्याच्या पद्धतीतून) आणखी एक दावा आला होता: कमी तीव्रतेच्या प्रकाशात जोड्या शाबूत ठेवूनही धातूपणा टिकतो. नंतरच्या क्ष-किरण प्रतिमांत अशा वेगळ्या अवस्थेचा पुरावा सापडला नाही. पण ते नमुने पातळ थरांचे होते आणि थर कसा वाढवला, कण केवढे, यावर या पदार्थाचे वागणे बदलते. दोन प्रयोगशाळांनी एकच पदार्थ मोजला असे इथे सहज म्हणता येत नाही.