ब्राउझरमधील डीआरएम आणि वापरकर्त्याची निवड

सशुल्क चित्रपट, मालिका किंवा गाणी ब्राउझरमध्ये पाहता-ऐकता यावीत, पण त्यांची प्रत काढता येऊ नये, यासाठी केलेली एन्क्रिप्शन आणि परवान्याची व्यवस्था म्हणजे ब्राउझरमधील डीआरएम (डिजिटल राइट्स मॅनेजमेंट). पूर्वी हे काम फ्लॅश, सिल्व्हरलाइट अशी प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली पूरक सॉफ्टवेअर, करत. आता ते एन्क्रिप्टेड मीडिया एक्स्टेन्शन्स, थोडक्यात ईएमई, या एपीआयमार्फत, म्हणजे वेबपानाला ब्राउझरकडून काम करून घेता येणाऱ्या ठरावीक जोडणीमार्फत, चालते. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १८ सप्टेंबर २०१७ रोजी ईएमईला शिफारशीचा, म्हणजे अधिकृत मानकाचा, दर्जा दिला आणि त्याच दिवशी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने कन्सॉर्शियमचे सदस्यत्व सोडले. डीआरएममधल्या त्रुटी शोधणाऱ्या संशोधकांवर खटले भरणार नाही, असे सदस्यांकडून बांधून घ्यावे ही फाउंडेशनची मागणी मान्य झाली नव्हती.

ईएमई स्वतः कुलूप उघडत नाही. ते काम सीडीएम (कंटेंट डिक्रिप्शन मॉड्यूल) नावाचा बंदिस्त, म्हणजे कोड खुला नसलेला, घटक करतो: क्रोम व फायरफॉक्समध्ये गूगलचे वाइडवाइन, सफारीत ॲपलचे फेअरप्ले, तर एजमध्ये वाइडवाइनच्या जोडीला मायक्रोसॉफ्टचे प्लेरेडी. सीडीएम परवान्याची मागणी तयार करतो, वेबपान ती सर्व्हरपर्यंत नेते आणि उत्तरात आलेली किल्ली परत सीडीएमच्या हाती देते. पान हा निव्वळ निरोप्या. उघडी किल्ली त्याला दिसत नाही. प्रत्येक ब्राउझरला सक्तीची असलेली क्लिअर की ही एकच पद्धत बंदिस्त घटकाशिवाय चालते. पण तिच्यात किल्ली पानाच्या स्क्रिप्टलाच दिसते, त्यामुळे ती मुख्यतः चाचण्यांपुरती.

वापरकर्त्याच्या निवडीचा प्रश्न इथेच येतो. फायरफॉक्सचा सोर्स कोड खुला आहे, वाइडवाइनचा नाही. म्हणून फायरफॉक्स ते वेगळे उतरवून घेतो आणि सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत, कोंडून चालवतो. सेटिंग्जमध्ये डीआरएमच्या चौकोनातली खूण काढली, की उतरवलेले सीडीएम हटवले जाते आणि नवे येत नाही. लिनक्सवर ही सोय मुळात बंदच असते. संरक्षित व्हिडिओ समोर आला की फायरफॉक्स ती सुरू करायची का, असे विचारतो. क्रोममध्ये वाइडवाइन बंद करता येई ते प्लगइनचे पानच २०१७च्या ५७व्या आवृत्तीत गेले. संरक्षित सामग्री चालू द्यायची की नाही, एवढे साइट सेटिंग्जमध्ये ठरवता येते.

तक्रारी बहुधा ठरावीक असतात. क्रोमियम, म्हणजे क्रोमचा पाया असलेला खुला ब्राउझर, याच्या निव्वळ मुक्त बिल्डमध्ये वाइडवाइन नसते, त्यामुळे व्हिडिओ सुरूच होत नाही. क्रोममध्ये अचानक एरर येऊ लागली तर कंपोनंट्सच्या पानावर वाइडवाइनचे अपडेट तपासावे. चित्र धूसर दिसण्याचे कारण अनेकदा वाइडवाइनची सुरक्षा पातळी असते: एल१मध्ये व्हिडिओ हार्डवेअरच्या सुरक्षित भागात उलगडतो, एल३मध्ये सॉफ्टवेअरमध्ये, आणि एल३ला बऱ्याच सेवा कमी रिझोल्यूशन देतात. इथे वेगवान इंटरनेटचा काही उपयोग नाही. मधला एखादा जुना मॉनिटर किंवा ॲडॅप्टर एचडीसीपी, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या व्हिडिओचे संरक्षण करणारा नियम, पाळत नसेल, तरी दर्जा घसरतो किंवा पडदा काळा होतो. स्क्रीनशॉटमध्ये व्हिडिओच्या जागी काळा चौकोन येणे मात्र बिघाड नव्हे, ते मुद्दामच केलेले असते.

डीआरएम बंद केल्याने एन्क्रिप्ट न केलेल्या व्हिडिओंना काहीही होत नाही.