तिसऱ्या चाकाची कूळकथा

लग्नाचं वऱ्हाड असू दे नाहीतर गणपतीची मूर्ती, आपल्याकडं "एक टेम्पो सांगून ठेव" म्हटलं की काम झालं. येणारी गाडी कुठल्या का कंपनीची असेना, तिला चार चाकं का असेनात, बेळगाव-निपाणी भागात तिचं नाव टेम्पोच. हे मुळात हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचं नाव. त्याच्या तीनचाकी मालगाड्या आपल्या देशात आणल्या फिरोदियांनी, 1958 साली निघालेल्या बजाज टेम्पो कंपनीतून. पुढं एकच चाक, त्याच्यावरच इंजिन. तेच चाक गाडी ओढणार आणि वळणारही तेच. तंबाखूची बोदं भरलेला तो जुना टेम्पो लांबून बघितला की सोंड खाली घालून चाललेलं हत्तीचं पिल्लू वाटायचं.

असला आकार कुणाला सुचला? सुचला नाही, कायद्यानं सुचवला. जर्मनीत 1928 पासून तीनचाकी आणि 200 सीसीच्या आतल्या गाडीला कर नव्हता, लायसन्सही लागत नव्हतं. मग चौथं चाक लावून सरकारला पैसे का भरायचे? इंग्लंडातही तीच गत. हलक्या तीनचाकीवर कर मोटरसायकलचा आणि चालवायला लायसन्सही मोटरसायकलचंच पुरायचं. रिलायंट कंपनीनं अनेक वर्षं याच सवलतीवर संसार केला. वळणावर कलंडणाऱ्या गाड्या म्हणून लोक हसायचे, पण घ्यायचेही.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जर्मनीत पोलादाची आणि पेट्रोलची टंचाई, लोकांच्या खिशात पैसे नाहीत. मेसरश्मिट कंपनीला विमानं बांधायची बंदी. हात मोकळे होते म्हणून 1953 साली त्यांनी फ्रिट्झ फेंड या इंजिनिअरची तीनचाकी बाजारात आणली. दोघं एकामागे एक बसायचे आणि डोक्यावर पारदर्शक घुमट, अगदी लढाऊ विमानासारखा. नंतरच्या मॉडेलमध्ये इंजिनच उलटं फिरवून रिव्हर्स घ्यायचा, त्यामुळं मागं जायलाही चार गिअर! त्याच वर्षी इटलीत इसो कंपनीची इसेटा आली. ही कंपनी मूळची फ्रिज बनवणारी, आणि इसेटाचं दारही फ्रिजसारखं पुढूनच उघडायचं. मला तरी हा योगायोग वाटत नाही. बीएमडब्ल्यूनं तिचे हक्क घेतले आणि 1955 ते 1962 या काळात दीड लाखाहून जास्त विकल्या. आज बीएमडब्ल्यू म्हटलं की भुवया उंचावतात. त्या पडत्या दिवसांत तिला या अंड्याएवढ्या गाडीनं हात दिला.

निव्वळ हौसेची खुळं वेगळी. 1910 साली कलकत्त्यातल्या मॅथ्यूसन नावाच्या साहेबानं इंग्लंडातून हंसाच्या आकाराची मोटर बांधून आणली. चोचीतून गरम पाण्याचा फवारा उडायचा, रस्त्यातली गर्दी हटवायला. पुढं ती पंजाबातल्या नाभा संस्थानच्या महाराजांकडं गेली. आता नेदरलँड्समध्ये द हेग इथल्या संग्रहालयात आहे. अमेरिकेत मिल्टन रीव्हजनं 1911 साली प्रवास गादीवर बसल्यासारखा व्हावा म्हणून गाडीला आठ चाकं लावली. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा पुढच्या वर्षी तो सहावर आला.

आपल्या कर्नाटकातही एक नमुना झाला. सत्तरच्या दशकात बेंगळुरात बादल नावाची तीनचाकी मोटर निघाली. बॉडी फायबरची, पुढं एक चाक, मागं 198 सीसीचं इंजिन. दिसायला गाडी होती की पावसाळी चप्पल, हे ज्यानं त्यानं ठरवावं. लोकांना ती पटली नाही. मग तिला चौथं चाक लागलं आणि नंतर बादल काढणाऱ्याच सिपानी कंपनीनं डॉल्फिन काढली, तीही इंग्लंडच्या रिलायंटच्याच एका चारचाकीवर बेतलेली.

पण मला जास्त चटका लावते ती हद्दीपलीकडची गोष्ट. निपाणी-बोरगावच्या माणसाला इचलकरंजी काही परगाव नाही. तिथल्या शंकरराव कुलकर्णींचं शिक्षण जेमतेम सातवीपर्यंतचं. त्यांनी 1949 साली स्वतःच्या डोक्यानं दोन माणसांची छोटी मोटर बांधली, नाव ठेवलं मीरा. पुढची पंचवीसेक वर्षं ते नवनवे नमुने बांधत राहिले, आणि सत्तरच्या दशकात 12,000 रुपयांत गाडी द्यायची त्यांची तयारी होती. टेम्पोला, इसेटाला, रिलायंटला कायद्यानं वाट करून दिली होती. मीरा निघाली लायसन्स-राजमध्ये, जिथं परवान्यावाचून कारखान्याची वीटही हलत नसे. तिचा कारखाना उभा राहिलाच नाही. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, आणि छोट्या गाडीची वाट बघणारे आपल्याकडचेही लोक तिच्या बुकिंगच्या रांगेत जाऊन उभे राहिले.