ओशन्स इलेव्हन (१९६०) : चित्रपट आणि प्रेक्षकमत

ओशन्स इलेव्हन : लास व्हेगासमधले पाच कॅसिनो एकाच रात्री लुटण्याच्या बेतावरचा अमेरिकन चित्रपट. दिग्दर्शक लुईस माइलस्टोन, निर्मिती वॉर्नर ब्रदर्स, लांबी १२७ मिनिटे. पहिला खेळ ३ ऑगस्ट १९६० रोजी लास व्हेगासमध्येच झाला. फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस ज्युनियर, पीटर लॉफर्ड आणि जोई बिशप हा ‘रॅट पॅक’ नावाने गाजलेला कंपू यात एकत्र आहे. या चित्रपटाविषयी प्रेक्षकांत सरळ दोन तट पडतात. दरोड्याचा थरार हवा असलेला माणूस पहिल्या तासातच चुळबुळू लागतो. ही माणसे आणि ते जुने व्हेगास पाहायला बसलेल्याला मात्र तोच तास सर्वांत जास्त आवडतो.

दुसऱ्या महायुद्धात ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये (अमेरिकी छत्रीधारी सैनिकांच्या दलात) बरोबर लढलेले दहा साथीदार डॅनी ओशन (सिनात्रा) गोळा करतो. लुटायचे कॅसिनो सहारा, रिव्हिएरा, डेझर्ट इन, सँड्स आणि फ्लमिंगो. वेळ ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीची, म्हणजे गल्ला भरलेला आणि सगळे नव्या वर्षाच्या जल्लोषात. शहराला वीज पुरवणारा मनोरा स्फोटकांनी पाडायचा. दिवे गेले की राखीव वीजव्यवस्था सुरू होते. तिच्या तारा टोनी बर्गडॉर्फ या इलेक्ट्रिशियनने (रिचर्ड कॉन्टे) आधीच अशा फिरवून ठेवलेल्या असतात की दिवे न लागता कॅशियरच्या पिंजऱ्यांची दारे उघडावीत. आत नोकरीला लागलेली माणसे रोकड पिशव्यांत भरतात आणि त्या पिशव्या हॉटेलबाहेरच्या कचऱ्याच्या पिंपांत टाकतात. जॉश हॉवर्ड (डेव्हिस) कचऱ्याची गाडी घेऊन येतो, पिंपे रिकामी करतो आणि पोलिसांच्या नाकेबंदीतून बिनबोभाट निघून जातो.

बेत कागदावर चोख आहे आणि अमलातही येतो. बिघडते ते पुढे. टोनीचे हृदय अधू आहे हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळलेले असते. काम फत्ते झाल्यावर तो भर रस्त्यात कोसळून मरतो. शहरात त्या रात्री एक इलेक्ट्रिशियन मेला आणि तो कोणाबरोबर लष्करात होता, एवढ्या धाग्यावरून ड्यूक सँटोस (सीझर रोमेरो) टोळीपर्यंत पोचतो. हा टोळीतल्या जिमी फॉस्टरच्या (लॉफर्ड) आईचा होणारा नवरा. तो लुटीतला निम्मा वाटा मागतो. पैसे शहराबाहेर काढायचे म्हणून टोळी ते टोनीच्याच शवपेटीत दडवते. पण अंत्यसंस्कार करणारा टोनीच्या विधवेला तिथेच दहन करायला राजी करतो, आणि हातातोंडाशी आलेला घास भट्टीत जातो.

हा शेवट नावडता असलेला प्रेक्षक विरळाच. त्यामागे एक व्यावहारिक कारणही होते. हॉलिवुडमध्ये तेव्हा निर्मितीसंहिता लागू होती आणि गुन्हेगार लूट पचवून सुखाने राहतो असे दाखवायला तिची मनाई होती. ती अट इथे कोणालाही तुरुंगात न पाठवता पाळली गेली. प्रार्थनागृहात रांगेने बसलेल्या टोळीला भट्टीची घरघर ऐकू येते आणि एकेक मान वळते. कोणी ओरडत नाही, खुलासा करत नाही. पूर्ण चित्रपटात दिग्दर्शकाची पकड सर्वांत घट्ट आहे ती इथेच. ज्याने १९३०मध्ये ‘ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ केला, त्या माइलस्टोनकडून ही धार आणखी प्रसंगांत अपेक्षित होती, ही तक्रार रास्त आहे.

तक्रारींत पहिला क्रमांक संथपणाचा. माणसे जमवण्यातच तासभर जातो. काही धागे तर नुसते लोंबकळत राहतात: डॅनीची जुनी मैत्रीण अ‍ॅडेल रागारागाने येते, फोन करते आणि कथेतून नाहीशी होते, डॅनी आणि त्याची पत्नी बिआट्रिस (अँजी डिकिन्सन) यांचा दुरावाही तडीस जात नाही. अकरापैकी निम्म्यांची नावे शेवटपर्यंत लक्षात राहत नाहीत. शर्ली मॅक्लेन, रेड स्केल्टन, जॉर्ज राफ्ट असे पाहुणे कलाकार मजा आणतात, पण कथा जागची हलत नाही.

या सैलपणाचे मूळ चित्रणाच्या पद्धतीत सापडते. १९६०च्या जानेवारी-फेब्रुवारीत रॅट पॅकचे हेच पाच जण रात्री सँड्सच्या कोपा रूममध्ये मंचावर गात, विनोद करत आणि दिवसा कॅमेऱ्यापुढे उभे राहत. झोप अपुरी, तालमी नावापुरत्या. म्हणून संवाद गप्पांसारखे येतात. चाहते नेमक्या याच गप्पांसाठी चित्रपट पुन्हा पाहतात, कारण पाच जणांचा तो घरोबा अभिनयाने आणता येणारा नाही. डीन मार्टिनचे ‘एन्ट दॅट अ किक इन द हेड’, नेल्सन रिडलचे पार्श्वसंगीत आणि सॉल बासची आकड्यांशी खेळणारी श्रेयनामावली यांवर मात्र दोन्ही तटांचे एकमत आहे.

आजच्या प्रेक्षकाला खटकणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या खटकायलाच हव्यात. स्त्रियांचा मताधिकार काढून घेण्याचा विनोद आहे. कंपूतल्या एकमेव कृष्णवर्णीयाला कचऱ्याची गाडी दिली आहे, आणि चेहऱ्यांना काळे फासून त्याच्या वर्णावर केलेली थट्टाही आहे. व्हेगासच्या मोठ्या कॅसिनोंत कृष्णवर्णीय ग्राहकांना तेव्हा मज्जाव होता; तो उठवण्याचा करार मार्च १९६०मध्ये, चित्रणानंतर झाला. हे ठाऊक असले की डेव्हिसच्या प्रत्येक प्रसंगाकडे पाहण्याची नजर बदलते.

पाहताना प्रत कोणती हेही महत्त्वाचे. चित्रण रुंद पडद्यासाठी, साधारण २.३५ : १ या प्रमाणात झाले आहे. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कडा कापलेल्या प्रतीत एका चौकटीत मांडलेल्या टोळीतले बरेच जण बाहेर जातात आणि आधीच संथ असलेला प्रसंग रिकामा वाटतो. पूर्ण रुंदीच्या प्रतीत पाचही कॅसिनोंचे खरे दर्शनी भाग आणि आतली दालने दिसतात. त्यांपैकी सँड्स १९९६मध्ये पाडले गेले; डेझर्ट इन आणि रिव्हिएराही पुढे जमीनदोस्त झाले.

स्टीव्हन सोडरबर्गच्या २००१च्या नव्या आवृत्तीशी तुलना अटळ आहे. जॉर्ज क्लूनी, ब्रॅड पिट, मॅट डेमन यांच्या त्या चित्रपटात बेलाजिओ, मिराज आणि एमजीएम ग्रँड या तीन कॅसिनोंची रोकड एकाच तिजोरीत असते, प्रत्येक गड्याला ठरावीक काम असते आणि लूट पचते. दरोडापट म्हणून तो निःसंशय सरस आहे. आधी तो पाहून जुन्याकडे वळणाऱ्यांची निराशा त्यामुळेच जास्त होते. त्यांनी जुना चित्रपट मंचावरच्या मैफलीचा विस्तार समजून पाहावा. मूळ संचातले अँजी डिकिन्सन आणि हेन्री सिल्वा २००१च्या चित्रपटात मुष्टियुद्धाच्या प्रसंगी प्रेक्षकांत क्षणभर दिसतात.