बी रुजलं नाही, की वर आलं नाही?

गेल्या रब्बीत चोपड्याकडे शेजारच्या शेतात गव्हाला नांगे पडले, म्हणजे तासात मध्ये मध्ये रोपंच नव्हती. काका म्हणाले, "बीच खोटं निघालं." मी खुरप्यानं तास उकरलं. दाणे फुटलेले, मुळ्या खाली गेलेल्या आणि कोंब मातीतच घड्या पडून पिवळा झालेला. बी रुजलं होतं, वर आलं नव्हतं.

दोन्हींना आपण 'उगवण'च म्हणतो आणि दोष बियाण्याला देतो. रुजणं म्हणजे दाण्यानं ओल पिऊन फुटणं. प्रमाणित गव्हाला किमान ८५ टक्के लागते ती ही उगवणशक्ती. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून घरीही तपासता येते. किती खोलीवरून कोंब वर येईल, ते मात्र त्या आकड्यात नसतं. दाणा कुजलेला किंवा जसाच्या तसा सापडला, तर बियाण्यावर किंवा ओलीवर संशय घ्या.

वर येणं वेगळं. गव्हाचं पहिलं पान एका बंद नळीतून वर सरकतं. तिला म्यान म्हणू. माती भेदायचा रेटा या म्यानात असतो, पानात नाही. म्यान अर्ध्यात संपलं, की पान मातीतच उघडं पडतं आणि दुमडतं.

म्यानाची लांबी वाणाच्या जातीतच ठरलेली असते. जुन्या उंच गव्हांचं म्यान लांब, म्हणून खालच्या ओलीपर्यंत पेरलेलं बीही निघून यायचं. १९६० च्या दशकात मेक्सिकोहून बुटके गहू आले. त्यांच्यातली बुटकेपणाची जनुकं नोरिन-१० या जपानी गव्हाची. वाढीचं संप्रेरक जिबरेलिन, त्याला हे झाड कमी दाद देतं. त्यामुळे ताट, म्हणजे खोड, आखूड राहतं, खत पेलतं, लोळत नाही. पण म्यानही आखूड होतं. आजचे बहुतेक वाण याच वंशातले. त्यात जमीन तापलेली असली की म्यान आणखी आखडतं, आणि आपल्या खान्देशात नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती तापलेलीच असते. म्हणून ५ ते ६ सेंटीमीटरच्या खाली बी जाऊ देऊ नये. ताट बुटकं ठेवून म्यान लांब राखणारी 'आरएचटी-१८'सारखी जनुकंही आहेत. ऑस्ट्रेलियात कोरडवाहू गव्हासाठी त्यांच्यावर काम चाललंय. आपल्या कोरडवाहू पट्ट्यालाही तसे वाण हवेत, असं मला मनापासून वाटतं.

काकांच्या तासातला दाणा पट्टीनं मोजला, तर ९ सेंटीमीटरवर होता. पेरणीची पाभर खोल गेली होती. पोत्यात उरलेलं तेच बी त्यांनी नांग्यांत ५ सेंटीमीटरवर टोबलं आणि वरून हलकं पाणी दिलं. आठव्या दिवशी तास हिरवं दिसलं.