पेट्रोलची मोटारसायकल विजेवर करताना आरटीओतून अर्ज परत का येतो?

धडधाकट असलेली जुनी मोटारसायकल मोडीत न काढता रोज कामावर जाण्यासाठी विजेवर चालवावी, असे अनेकांना वाटते आणि कायद्याचा त्याला विरोध नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये बॅटरी, सीएनजी किंवा सौरऊर्जेवर गाडी चालवण्यासाठी रूपांतर किट बसवण्याची मुभा आहे. अट एवढीच, की ते विहित नियमांनुसार बसवलेले असावे. अर्ज अडतात ते मुख्यतः लोक किट आधी विकत घेतात आणि कागद नंतर शोधू लागतात म्हणून.

सर्वांत जास्त अडचण येते ती किटच्या मान्यता प्रमाणपत्राची. संपूर्ण विद्युत रूपांतराच्या किटची तपासणी एआयएस-१२३ या मानकाच्या तिसऱ्या भागानुसार व्हावी लागते आणि ती पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांसारख्या अधिकृत चाचणी संस्थेकडूनच व्हावी लागते. हे प्रमाणपत्र सरसकट सगळ्या मोटारसायकलींना लागू होत नाही; कोणत्या मॉडेलवर ते किट चालेल, हे त्यातच नमूद असते. विक्रेते पुष्कळदा एआयएस-१५६ चा कागद पुढे करतात. तो बॅटरीच्या सुरक्षिततेचा असतो, त्यावरून किट मान्यताप्राप्त ठरत नाही. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी, तिच्यातील मॉडेलचे नाव आपल्या आरसीवरील नावाशी अक्षरशः ताडून पाहावे, आणि किट बसवणाऱ्या कार्यशाळेला उत्पादकाने दिलेले अधिकारपत्रही पाहावे. ओळखीच्या मेकॅनिककडून मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी सुटी आणून जोडून घेतलेल्या गाडीसाठी असा कागद मिळूच शकत नाही, आणि अशा बदलाबद्दल कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अडीचशे वॅटची मोटर बसवली की नोंदणीच लागत नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. ती सवलत ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि बॅटरी वगळता ६० किलोपर्यंतच्या वाहनांना आहे, आणि साधी मोटारसायकल त्या वजनात बसत नाही.

दुसरा अडसर मालकीचा. अर्ज नोंदणीकृत मालकानेच करायचा असतो, आणि आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर, वडील हयात नाहीत आणि चालवतो मुलगा, अशी असंख्य उदाहरणे आहेत. अशा वेळी आधी नमुना ३१ भरून वारसाच्या नावे हस्तांतर करून घ्यावे लागते. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर कर्ज फिटले म्हणजे काम झाले असे समजू नये. आरसीवरचा बोजा नमुना ३५ देऊन उतरवेपर्यंत तो तसाच राहतो, आणि बोजा असताना बदल करायचा तर वित्तसंस्थेचे लेखी संमतीपत्र लागते.

गाडीला पंधरा वर्षे होत आली असतील तर एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: आधी नमुना २५ भरून नोंदणीचे नूतनीकरण करून घ्या, आणि मगच इंजिनाला हात लावा. हा अर्ज मुदत संपण्याच्या आधी ६० दिवसांत करता येतो आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. इंजिन उतरवलेली गाडी टेम्पोत घालून आरटीओच्या दारात आणलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना तशीच परत जाताना पाहून वाईट वाटते.

क्रम असा ठेवावा: आधी परवानगीचा अर्ज, मग किट बसवणे, मग बदलाची नोंद. बदल आरटीओला कळवण्याची कायद्यातील चौदा दिवसांची मुदत प्रत्यक्ष बदल झाल्यापासून मोजली जाते. कार्यशाळेने बिल उशिरा दिले तरी ती वाढत नाही, म्हणून गाडी ताब्यात घेतानाच बिल व बसवल्याचे प्रमाणपत्र हातात घ्यावे. आरसी, चालू विमा, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि शुल्काची पावती हे नेहमीचे कागद बहुतेकांकडे असतातच.

तपासणीच्या दिवशी निरीक्षक चासी क्रमांक आणि नव्या मोटरचा क्रमांक पाहतो. एका परिचितांचा अर्ज केवळ मोटरवरील पट्टीवर शून्य आणि बिलावर इंग्रजी ‘ओ’ असल्यामुळे परत आला, आणि बिल दुरुस्त होऊन येईपर्यंत तीन आठवडे गाडी घरी उभी राहिली. हॅंडलच्या मानेखालचा चासी क्रमांक ग्रीस आणि गंजाने दिसेनासा झालेला असतो. आदल्या दिवशी रॉकेलच्या फडक्याने पुसून त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप उठतो का, ते पाहावे. क्रमांक खरवडून काढायचा प्रयत्न मात्र करू नये, कारण खरवडलेल्या क्रमांकाचा संशय येतो.

नोंद झाल्यावर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत बदल करून घ्यावा, कारण विद्युत दुचाकीचा तृतीय पक्ष विमा सीसीऐवजी किलोवॅटवर ठरतो. खासगी गाडीला हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे लागतात. नवी आरसी हाती पडताच इंधनाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते तिथेच वाचावे. तिथे अजूनही पेट्रोल असेल, तर बॅटरीवरच्या गाडीला पीयूसी लागत नसतानाही रस्त्यावर पोलीस ते मागतील आणि दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच खिडकीवर यावे लागेल.